कोण ढकलतंय, कोणाला? स्थिर वस्तूंच्या बलाकृती काढायला शिकताना

टेबलावर एक जाडजूड पुस्तक पडलेलं आहे. हलत नाही, घसरत नाही. "याच्यावर किती बलं लागू आहेत?" असं अकरावीच्या पहिल्या आठवड्यात विचारलं की वर्गातून तीन तऱ्हेची उत्तरं येतात. काही जण म्हणतात, एकही नाही, कारण पुस्तक हलतच नाहीये. काही म्हणतात, एक, गुरुत्वाकर्षणाचं. टेबल काय, नुसतं मध्ये आलंय. आणि दोन-चार उत्साही मंडळी पाच-सहा बाण काढून मोकळी होतात: वजन, हवेचा दाब, घर्षण, जडत्व, आणि एक बाण उजवीकडे जागा रिकामी दिसली म्हणून.

तिन्ही उत्तरांत चूक एकाच ठिकाणी झालेली असते. बल ही वस्तूच्या अंगात असलेली गोष्ट समजली जाते, ताकद असावी तशी. पण बल उसनवारीसारखं आहे. देणारा एक, घेणारा दुसरा. दोन नावं सांगता आली तरच व्यवहार झाला म्हणायचा. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, टेबल पुस्तकाला वर ढकलतं. ज्या बाणाचा देणारा सांगता येत नाही, तो बाण खोडून टाका. खाली जे काही आहे ते या एका सवयीभोवतीच फिरतं.

एका वस्तूवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीला पाठ्यपुस्तकात फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. मी सोयीसाठी बलाकृती म्हणेन. आठवी-नववीत मराठीतून बल, संतुलित बल, जडत्व शिकून आलेल्या मुलांना अकरावीत एकदम इंग्रजी अक्षरांची फौज भेटते, आणि एमजी, एन, टी, एफ यांच्या गर्दीत मूळ प्रश्न हरवतो. गंमत म्हणजे एन हे अक्षर पृष्ठभागाच्या लंब बलासाठीही वापरतात आणि न्यूटन या एककासाठीही, त्यामुळे "एन बरोबर वीस एन" अशी ओळ फळ्यावर दिसते. म्हणून सुरुवातीचे पंधरा दिवस अक्षरं वापरूच नका. प्रत्येक बाणाशेजारी पूर्ण नाव लिहा: "टेबलाचं पुस्तकावर", "दोरीचं गाठीवर". लिहायला वेळ जातो, पण चूक लपायला जागा उरत नाही.

सामान: पेन्सिल, खोडरबर, पट्टी, कोनमापक, चौकटीची वही. पेन नको.

पहिली पायरी: वस्तू एकच

चित्रात दहा गोष्टी असल्या तरी बलाकृती एकाच वस्तूची असते. कोणाची, ते आधी वहीत लिहा: "वस्तू: पुस्तक". मग टेबल, खोली, दिवा सगळं विसरा आणि कोऱ्या जागेत फक्त ती वस्तू काढा. हुबेहूब चित्र नको, चौकोन किंवा ठळक ठिपका पुरे. टेबल काढायचा मोह होतो. काढलंत की टेबलावर लागणारे बाणही त्याच आकृतीत शिरतात, आणि पुढे कोणता बाण कोणाचा हे तुम्हालाच कळत नाही.

दुसरी पायरी: वस्तूभोवती बोट फिरवा

खरोखर फिरवा. वस्तूच्या कडेकडेने बोट नेत जा आणि जिथे जिथे दुसरं काही तिला टेकतंय तिथे थांबा. टेबल? एक स्पर्श. दोरी? दुसरा. कोणाचा हात? तिसरा. शाळेच्या पातळीवरच्या यांत्रिकीत स्पर्शाविना लागणारं बल बहुतेक वेळा एकच असतं, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. (चुंबक किंवा विद्युतभार गणितात आले असतील तर तसं स्पष्ट सांगितलेलं असतं.) म्हणजे हिशेब सोपा झाला: एक बाण पृथ्वीचा, आणि बाकीचे फक्त स्पर्शाच्या जागांवरून.

स्पर्शाच्या एका जागेवरून दोन बाण निघू शकतात. पृष्ठभाग त्याला लंब दिशेने ढकलतो, ते लंब बल. आणि पृष्ठभागाला समांतर रोखून धरतो, ते घर्षण. दोरी मात्र एकच गोष्ट करू शकते: स्वतःच्या लांबीच्या दिशेने ओढणं. दोरीने कोणाला ढकलता येत नाही, त्यामुळे दोरीचा बाण नेहमी वस्तूपासून दूर, दोरीवरूनच जाणारा.

हवा टेकत नाही का, असं कोणीतरी विचारतंच, आणि प्रश्न चांगला आहे. टेकते, आणि जोरात टेकते. २० बाय २५ सेंटिमीटरच्या पुस्तकाच्या वरच्या बाजूवर हवेचं बल साधारण ५००० न्यूटन भरतं. तरी आपण पुस्तक दोन बोटांनी उचलतो, कारण पुस्तकाखालच्या फटींतही हवा असते आणि ती तितक्याच जोराने वर ढकलते. दोन्ही बाजूंचं जवळजवळ फिटतं, म्हणून काढत नाही. स्वयंपाकघरातल्या टाइल्सना चिकटणारा रबरी हुक मात्र याला अपवाद: त्याच्या आतली हवा दाबून बाहेर काढलेली असते, त्यामुळे तिथे बाहेरच्या हवेचा बाण काढल्याशिवाय तो भिंतीला का चिकटलाय हे सांगताच येत नाही.

टेबल खरंच ढकलतं का?

इथे घाई करू नका. निर्जीव लाकूड ढकलतं हे मनाला पटत नाही, आणि न पटता काढलेला बाण परीक्षेनंतर पुसला जातो.

पुस्तक तळहातावर घ्या, हात पुढे करून. स्नायूंना ताण जाणवतो. हात वर ढकलतोय यात शंका नाही. आता पुस्तक स्पंजवर किंवा गादीवर ठेवा. गादी दबते आणि दबलेली स्प्रिंग जशी उसळू पाहते तशी वर ढकलते. मग एक पातळ फळी दोन विटांवर आडवी ठेवून तिच्यावर पुस्तक ठेवा. फळी किंचित वाकलेली दिसेल. टेबल म्हणजे हीच फळी, फक्त जाड. तेही वाकतं, पण डोळ्यांना दिसत नाही इतकं कमी. अमेरिकेतले शिक्षक जिम मिन्स्ट्रेल यांनी स्थिर वस्तूंबद्दलच्या मुलांच्या कल्पनांवर १९८२ मध्ये लिहिलं, तेव्हा त्यांच्या वर्गातला क्रमही काहीसा असाच होता: हात, स्प्रिंग, मग टेबल. टेबलाचं वाकणं दाखवायला त्यांनी आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा कवडसा वापरला. टेबलावर वजन पडलं की आरसा केसभर कलतो आणि दूरच्या भिंतीवरचा कवडसा चांगला सरकतो.

यातून एक गोष्ट आपोआप हाती लागते. जास्त दाबलं की स्प्रिंग जास्त ढकलते. म्हणजे टेबलाचं लंब बल ठरलेलं नसतं, ते गरजेप्रमाणे बदलतं.

२ किलोच्या पुस्तकावर पृथ्वीचं बल २ × ९.८ = १९.६ न्यूटन, खाली (९.८ म्हणजे जी, पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण). पुस्तक स्थिर, म्हणून टेबलाचं पुस्तकावर १९.६ न्यूटन, वर. आता पुस्तक बोटाने ५ न्यूटनने खाली दाबा. पृथ्वीचं बल तेवढंच, पण टेबलाला आता २४.६ न्यूटन द्यावं लागतं. बोट काढून पुस्तकाला दोरा बांधा आणि ५ न्यूटनने वर ओढा, पण उचलू नका. टेबलाचा वाटा १४.६ वर येतो. ओढ १९.६ झाली की टेबलाचं बल शून्य. पुस्तक टेबलाला टेकलेलं दिसेल, पण टेबल त्याला काहीच देत नसेल.

लंब बल म्हणजे वस्तुमान गुणिले जी, हे पाठ केलेलं सूत्र इथे पहिल्यांदा उघडं पडतं. सपाट जमीन आणि दुसरं उभं बल नाही, एवढ्याच परिस्थितीत ते खरं असतं.

तिसरी पायरी: बाण

बाण वस्तूपासून बाहेरच्या दिशेने काढा, लांबी प्रमाणात ठेवा. १ सेंटिमीटर म्हणजे १० न्यूटन धरलं तर आपल्या पुस्तकाचे दोन्ही बाण जवळजवळ २ सेंटिमीटरचे. स्थिर वस्तूच्या आकृतीत खालचा बाण लांब आणि वरचा आखूड निघाला, तर वही बंद करून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करा. कुठेतरी स्पर्श सुटलाय.

बाणांवर किलोग्रॅम लिहू नका. किलो हे वस्तुमान आहे आणि बाण बलाचा आहे. बाजारात आपण "वजन दोन किलो" म्हणतो ते बाजारात चालतं. गणितात जी ९.८ घ्यायचा की १०, हे प्रश्नात दिलेलं असतं ते पाळा.

जडत्वाचा बाण काढू नका. वस्तू आहे त्या अवस्थेत राहते या तिच्या गुणाला जडत्व म्हणतात, आणि गुणाला देणारा नसतो. "स्थिर ठेवणारं बल" असाही एक बाण दरवर्षी कोणाच्या तरी वहीत उगवतो. कोणाचं, असं विचारलं की शांतता पसरते.

चौथी पायरी: जमाखर्च

स्थिर म्हणजे वेग शून्य, आणि शून्यच राहणारा. तेव्हा वरचे बाण आणि खालचे बाण सारखे, डावे आणि उजवे सारखे. दोन ओळींचा ताळेबंद. त्यात "राहणारा" हा शब्द महत्त्वाचा आहे. उभा वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो, पण त्या क्षणीही त्याच्यावर पृथ्वीचा एकटाच बाण असतो. तो थांबलेला आहे, संतुलनात नाही.

इथे एक मोठा घोटाळा निस्तरून घेऊ, कारण तो पदवीपर्यंत सोबत करतो. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचं बल वर, दोन्ही सारखी, उलट दिशेची. म्हणजे न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रिया, असं बहुतेक जण लिहितात. तसं नाही. तिसऱ्या नियमातली जोडी नावं उलटी करून मिळते. "पृथ्वीचं पुस्तकावर" याची जोडी "पुस्तकाचं पृथ्वीवर". "टेबलाचं पुस्तकावर" याची जोडी "पुस्तकाचं टेबलावर". म्हणजे जोडीतली दोन बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात आणि एका वस्तूच्या बलाकृतीत ती दोन्ही कधीच एकत्र येत नाहीत. पुस्तकाचे दोन बाण सारखे आहेत ते पुस्तक स्थिर आहे म्हणून. लिफ्ट वर जायला निघते त्या क्षणी लिफ्टमधल्या पुस्तकावर तळाचं बल वजनापेक्षा जास्त असतं, आणि तिसरा नियम मात्र तेव्हाही तंतोतंत चालू असतो. पूर्ण नावं लिहायची सवय लागलेल्या मुलांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही, वहीतच दिसतो.

उतरंड

आता जुन्या घरातली मडक्यांची उतरंड घेऊ. खाली ३ किलोचं, मधे २ किलोचं, वर १ किलोचं मडकं. सर्वांत खालच्या मडक्याची बलाकृती काढा.

बहुतेकांच्या आकृतीत खाली येणारे तीन बाण असतात: स्वतःचं वजन, मधल्याचं वजन, वरच्याचं वजन. बेरीज बरोबर येते, पण आकृती चूक. बोट फिरवा. खालच्या मडक्याला टेकतंय कोण? जमीन आणि मधलं मडकं. वरचं मडकं त्याला शिवतसुद्धा नाही, मग त्याचा बाण कुठून आला?

वरून सुरू केलं की उलगडतं. वरच्या मडक्यावर पृथ्वीचं ९.८ खाली, मधल्या मडक्याचं ९.८ वर. मधल्यावर पृथ्वीचं १९.६ खाली, वरच्या मडक्याचं ९.८ खाली, आणि म्हणून खालच्या मडक्याचं २९.४ वर. खालच्यावर पृथ्वीचं २९.४ खाली, मधल्या मडक्याचं २९.४ खाली, जमिनीचं ५८.८ वर. वरच्या मडक्याचा भार खालपर्यंत पोचतो, पण मधल्याच्या हातून, निरोप पोचावा तसा.

ताळा घ्यायचा असेल तर तिन्ही मडकी मिळून एकच वस्तू धरा. ६ किलो, पृथ्वीचं ५८.८ खाली, जमिनीचं ५८.८ वर. मडक्यांनी एकमेकांना दिलेली बलं या आकृतीत येत नाहीत, कारण ती आता घरातली भांडणं झाली. वस्तूची सीमा कुठे आखायची हे आपण ठरवतो, आणि आखल्यावर सीमेबाहेरून येणारं तेवढंच मोजतो.

भिंतीवर दाबून धरलेला डस्टर

२०० ग्रॅमचा डस्टर तळहाताने फळ्यावर दाबून धरलाय, बोटं मोकळी. हात १० न्यूटनने भिंतीकडे ढकलतो. (हात अगदी गुळगुळीत समजू, म्हणजे हाताचं घर्षण बाजूला राहील.)

लंब बल वरच्या दिशेलाच असतं असा समज इथे मोडतो. फळा उभा आहे, तर त्याला लंब म्हणजे आडवं. फळ्याचं डस्टरवर लंब बल १० न्यूटन, हाताकडे. खाली पृथ्वीचं ०.२ × ९.८ = १.९६ न्यूटन. वर कोण धरतंय? फळ्याचं घर्षण, १.९६ न्यूटन.

आता हात २० न्यूटनने दाबा. घर्षण किती? "दुप्पट" असं उत्तर इतक्या आत्मविश्वासाने येतं की क्षणभर आपल्यालाच शंका यावी. दुप्पट झालं असतं तर डस्टर आपणहून फळ्यावरून वर चढायला लागला असता. घर्षण १.९६ न्यूटनच. दाब वाढवल्यावर वाढते ती घर्षणाची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष घर्षण गरज असेल तेवढंच लागतं. घर्षण गुणांक (टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या जोडीचा ठरलेला आकडा) गुणिले लंब बल हे सूत्र त्या कमाल मर्यादेचं आहे. स्थिर वस्तूच्या गणितात ते सरळ वापरायचं ते फक्त "घसरण्याच्या बेतात आहे" असे शब्द असतील तेव्हा. एरवी घर्षण ताळेबंदातून काढा आणि मर्यादेशी नुसतं ताडून पाहा.

उतरण

उतरंड झाली, आता उतरण. ३०° च्या फळीवर ५ किलोचा लाकडी खोका ठेवलाय आणि तो घसरत नाही.

बोट फिरवा: स्पर्श फक्त फळीचा. म्हणजे पृथ्वीचं ४९ न्यूटन सरळ खाली (फळीला लंब नव्हे, जमिनीकडे), फळीचं लंब बल फळीपासून काटकोनात बाहेर, आणि फळीचं घर्षण फळीवरून वरच्या बाजूला. तीन बाण, संपलं. "खाली घसरवणारं बल" हा चौथा बाण काढू नका. तो पृथ्वीच्या बाणाचाच एक तुकडा आहे, आणि एकाच नोटेचे सुटे केल्यावर नोट आणि सुटे दोन्ही मोजायचे नसतात.

सुटे करायचे कसे? आडवे-उभे अक्ष सोडा आणि वही फिरवून एक अक्ष फळीच्या बाजूने घ्या, दुसरा फळीला लंब. मग दोन बाण अक्षांवरच बसतात आणि तुकडे करावे लागतात ते फक्त वजनाचे. फळीच्या दिशेचा तुकडा ४९ × साइन ३०° = २४.५ न्यूटन, फळीला लंब तुकडा ४९ × कोसाइन ३०° = ४२.४ न्यूटन. वजनाचा बाण पेनाने काढून तुकडे तुटक रेघांनी काढले तर दोनदा मोजायची भीती राहत नाही. पेन वापरायची परवानगी एवढ्यापुरतीच.

साइन कुठे आणि कोसाइन कुठे हे विसरायला होतं. पाठ करू नका. फळी मनातल्या मनात आडवी करा. कोन शून्य झाला की घसरवणारा तुकडा शून्य व्हायला हवा, आणि शून्याचा साइन शून्य. झालं.

म्हणजे लंब बल ४२.४ आणि घर्षण २४.५ न्यूटन. घर्षण गुणांक ०.७ दिला असेल तर कमाल मर्यादा ०.७ × ४२.४ = २९.७. गरज २४.५ ची, मर्यादा २९.७ ची, म्हणून खोका टिकतो. उत्तरात २९.७ लिहिलंत तर खोका विनाकारण उतरणीवर चढेल.

साइन-कोसाइनशिवायही ३०° च्या उतरणीवर निम्मं वजन का, हे कळू शकतं. फ्लेमिश अभियंता सिमॉन स्टेविन याने १५८६ मध्ये छापलेल्या ग्रंथात एक युक्ती दिली होती. एक त्रिकोणी पाचर घ्या, जिची एक उतरती बाजू दुसरीच्या दुप्पट लांब आहे. तिच्याभोवती सारख्या अंतरावर ओवलेल्या सारख्या गोळ्यांची बंद माळ टाका. लांब बाजूवर चार गोळे, आखूड बाजूवर दोन, बाकीचे खाली लोंबताहेत. माळ आपोआप फिरायला लागेल का? फिरली तर कायम फिरत राहील, कारण गोळे सरकले तरी मांडणी तीच राहते. आणि असं होत नाही. खाली लोंबणारा भाग दोन्हीकडे सारखा ओढतो, तो कापून टाका. उरलं काय, तर लांब उतरणीवरचे चार गोळे आखूड उतरणीवरच्या दोघांना तोलून धरतात. आखूड बाजू उभीच केली तरी युक्तिवाद तोच. मग लांब बाजूची उतरण ३०° ची होते, कारण उंचीच्या दुप्पट लांबी. चार गोळ्यांचा उतरणीवरचा जोर दोन गोळ्यांच्या उभ्या वजनाइतका, म्हणजेच निम्मा. हे न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या शंभर वर्षं आधीचं आहे.

घाटात उभ्या केलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावलेला दिसतो ना? तोही स्पर्श आहे, त्याचाही बाण निघतो. दगड जेवढा भार घेईल तेवढं घर्षणाला कमी द्यावं लागतं.

आकाशकंदील आणि ताठ दोरी

दोन खिळ्यांमध्ये आडवी दोरी बांधून तिच्या मधोमध १ किलोचा आकाशकंदील अडकवलाय. दोरी मधे झुकते आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेषेशी ३०° चा कोन करते. दोरीतला ताण, म्हणजे दोरीची ओढ, किती?

इथे वस्तू निवडण्यातच खरी मेख आहे. कंदील निवडलात तर दोनच बाण: पृथ्वीचं खाली, कंदिलाच्या छोट्या दोऱ्याचं वर, दोन्ही ९.८. बरोबर आहे, पण आडव्या दोरीबद्दल काहीच कळलं नाही. म्हणून दुसरी आकृती गाठीची काढा. गाठीला टेकणारे तिघे: छोटा दोरा खाली ९.८ ने ओढतो, डावी दोरी डावीकडे वर, उजवी दोरी उजवीकडे वर. गाठीचं स्वतःचं वजन नगण्य.

डावे-उजवे बाण एकमेकांना फेडतात, म्हणून दोन्ही ताण सारखे. उभा हिशेब: २ × ताण × साइन ३०° = ९.८. साइन ३०° म्हणजे अर्धा, तेव्हा ताण ९.८ न्यूटन. दोन दोऱ्या असूनही प्रत्येकीत पूर्ण वजनाइतका ताण! निम्मा-निम्मा वाटला जातो तो दोऱ्या सरळ उभ्या असतील तरच.

कंदील खाली लोंबतो, बरं दिसत नाही, म्हणून दोरी ओढून ताठ करू. कोन १०° झाला की ताण २८.२ न्यूटन. ५° ला ५६.२. कोन १° वर आणलात तर २८१ न्यूटन, म्हणजे साधारण २९ किलोच्या पोत्याइतकी ओढ, एक किलोच्या कंदिलापायी. आणि दोरी पूर्ण आडवी करायचं ठरवलं तर? मग गाठीवर वर जाणारा एकही बाण उरत नाही आणि कंदिलाचं वजन पेलायला कोणीच नसतं. म्हणजे मधे काहीही टांगलेली दोरी पूर्ण आडवी होऊच शकत नाही. तसा हट्ट केला तर आधी खिळा निघतो. कपडे वाळत घालायची तार थोडी सैल ठेवावी, हे आईला ही आकृती न काढताच माहीत असतं.

ताळ्यासाठी गाठीवरचे तिन्ही बाण पट्टीने एकापुढे एक जोडून पाहा: पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याचं शेपूट, दुसऱ्याच्या टोकाला तिसऱ्याचं. शेवटचं टोक सुरुवातीच्या बिंदूवर आलं पाहिजे. ३०° च्या दोरीला हा त्रिकोण समभुज येतो. त्रिकोण मिटला नाही तर आकृती चूक, मग आकडेमोड कितीही सुबक असो.

शिडी: ठिपका जिथे पुरत नाही

आतापर्यंत वस्तूऐवजी ठिपका काढला तरी चाललं. भिंतीला टेकवलेल्या शिडीला चालत नाही, कारण शिडी जागच्या जागी फिरू शकते, आणि बाण कुठे लागतो यावर ते ठरतं. शिडीची पूर्ण लांबी काढा आणि प्रत्येक बाण जिथे स्पर्श आहे तिथूनच काढा. वजनाचा बाण मध्यावरून.

१० किलोची शिडी, जमिनीशी ६०° चा कोन, भिंत गुळगुळीत. जमिनीचं लंब बल वर, जमिनीचं घर्षण भिंतीकडे, भिंतीचं लंब बल भिंतीपासून दूर, पृथ्वीचं ९८ न्यूटन खाली. चार बाण. उभ्या हिशेबातून जमिनीचं लंब बल ९८. आडव्या हिशेबातून एवढंच कळतं की घर्षण आणि भिंतीचं बल सारखं. किती, ते कळत नाही. त्यासाठी तिसरी ओळ लागते: शिडीच्या पायाभोवती फिरवणारे परिणाम एकमेकांना फेडले पाहिजेत. पाय निवडायचा तो अशासाठी, की तिथे लागणारी दोन अज्ञात बलं पायाभोवती काहीच फिरवत नाहीत आणि हिशेबातून गळतात. उरतं ते असं: भिंतीचं बल × शिडीच्या टोकाची उंची = वजन × पायापासून मध्यापर्यंतचं आडवं अंतर. शिडीची लांबी दोन्हीकडून उडून जाते आणि भिंतीचं बल २८.३ न्यूटन येतं. घर्षणही तेवढंच.

शिडी ४५° ला कलती ठेवली तर दोन्ही ४९ वर जातात. पाय भिंतीपासून लांब ठेवलेली शिडी का सटकते, त्याचं उत्तर या वाढलेल्या आकड्यात आहे.

एक सोडवून पाहा

ओटीवरच्या झोपाळ्यावर आजी मधोमध बसली आहे. झोपाळा स्थिर. फळी २० किलोची, आजी ६० किलोची, चार कोपऱ्यांना चार उभ्या साखळ्या. पाय जमिनीला टेकलेले नाहीत. आधी आजी आणि फळी मिळून एक वस्तू धरा: पृथ्वीचं ७८४ न्यूटन खाली, साखळ्यांचं ७८४ वर, प्रत्येकीचं १९६. मग एकट्या आजीची आकृती: पृथ्वीचं ५८८ खाली, फळीचं ५८८ वर. साखळी आजीला टेकतच नाही, तेव्हा तिचा बाण नाही.

आता आजीने दोन्ही हातांनी पुढच्या दोन साखळ्या धरल्या आणि त्या एकूण १०० न्यूटनने खाली ओढल्या. आजीच्या आकृतीत एक नवा बाण येईल. कोणत्या दिशेला? फळीचं आजीवरचं बल किती होईल? आणि ओढलेल्या साखळ्यांसकट सगळं मिळून एक वस्तू धरली, तर छताच्या कड्यांवरचा एकूण भार बदलेल का? बाणाशेजारी दोन्ही नावं लिहून काढा. नवा बाण साखळ्यांचा आजीवर, १०० न्यूटन, वर. फळीचा वाटा ४८८ वर येतो. छताच्या कड्यांना मात्र पत्ताही लागत नाही. आजीने पायाचा अंगठा जमिनीला टेकवला, तरच त्यांचा भार हलका होईल.